चार नोव्हेंबरचा रुजू अहवाल

झुलालभाऊंवर मी बारा वर्षं चिडत आले, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी माझं चिडणं रास्त होतं. आम्ही दोघं विद्यापीठाच्या आस्थापना विभागात शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. कोण कधी लागलं, कुणाला बढती मिळाली, कोण कधी निवृत्त होणार, हे सगळं आमच्या कपाटांतल्या सेवापुस्तकांत. निवृत्तीची प्रकरणं झुलालभाऊंकडे. ते माणसाला सहा महिने आधी बोलावून घेत, समोर बसवत आणि एकेक कागद मागत. बायकोसोबतचा फोटो आणा, मुलांच्या जन्मतारखा आणा. "आधारवर सुकदेव आहे, पुस्तकात सुखदेव. जा, दुरुस्त करून आणा." माणसाने हात जोडले तरी हलायचे नाहीत. शिपाई असो की साहेब, सगळ्यांना तोच न्याय.

"एका अक्षराने काय बिघडतं हो भाऊ?" मी विचारायचे.

"माणूस गेल्यावर बिघडतं, रूपाताई. तो असतो तोवर त्याला विचारता येतं. तो गेल्यावर त्याच्या बायकोने कोणाला विचारायचं?"

असं उत्तर आलं की मला जास्तच राग यायचा.

मूळचे ते पारोळ्याकडच्या एका खेड्यातले. झुलाल दगा पाटील. इथे पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर, जुनी स्कूटर, आणि घरात तीन बायका: आई बेबाबाई, पत्नी प्रमिलावहिनी आणि मुलगी दिपमाला. दिपमाला सत्तावीस वर्षांची, समज मात्र पाच वर्षांच्या पोरीची. जेवण भरवावं लागतं, वेणी घालून द्यावी लागते, आणि आजीचा पदर मुठीत असल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. दुसरं मूल यांनी होऊ दिलं नाही. दिपीकडे बघायलाच चार हात कमी पडतात, असं वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या.

दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात झुलालभाऊंची स्वतःची निवृत्तीची फाइल माझ्याकडे आली. मेअखेर त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, आणि स्वतःची फाइल स्वतः करायची नाही असा नियम. विभागात सगळ्यांना उकळ्या फुटल्या. "आता रूपाताई सूड उगवणार!" मीही ठरवलं होतं, निदान तीनदा तरी परत पाठवायची. हसतहसत सेवापुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि माझं हसू तिथेच थांबलं.

रुजू दिनांक, ४ नोव्हेंबर २००५.

सरकारी नोकरीतल्या कुणालाही ही तारीख कळते, इतरांसाठी सांगते. एक नोव्हेंबर दोन हजार पाचपासून जो कामावर लागला त्याला जुनी पेन्शन नाही. त्याच्या आदल्या दिवशी लागला असता तर आहे. जुन्या पेन्शनमध्ये माणसाला मरेपर्यंत दरमहा मिळतं, त्याच्यामागे बायकोला मिळतं, आणि लेकरू अपंग असेल तर बायकोच्याही मागे त्या लेकराला हयातभर मिळतं. नव्या योजनेत साठलेलं काय ते हातात पडतं आणि पुढे ज्याचा तो. झुलालभाऊ चार दिवसांनी चुकले होते. म्हणजे खरं तर दिपमाला चुकली होती.

"पण भाऊ, तुम्ही तर शहाण्णवपासून इथे आहात!"

"रोजंदारीवर. ते धरत नाहीत."

"आणि कायमची ऑर्डर कधीची?"

ते फाइलची दोरी बांधत, सोडत बसले. मग म्हणाले, "चोवीस ऑक्टोबरची. माझ्या हातात सव्वीसला पडली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सव्वीस ऑक्टोबरला ऑर्डर हातात, ऑफिस तेच, टेबल तेच, आणि हा माणूस चार नोव्हेंबरला रुजू होतो?

"रुजू व्हायला पंधरा दिवसांची मुदत होती," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आई म्हणाली, अमावास्येच्या तोंडावर नवं काम धरू नको. दिवाळी जाऊ दे, पाडवा, भाऊबीज होऊ दे. नऊ वर्षं थांबलास, नऊ दिवसांनी काय होतं? मलाही पटलं. तो नवा नियम येतोय हे त्या आठवड्यात कुणाला माहीत होतं?"

"आणि ते नऊ दिवस तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? रोज येत होतो. रोजंदारीच्या हजेरीपटावर सही करत होतो. काम तेच करत होतो. फक्त रुजू अहवाल दिला नव्हता."

मी कपाळावर हात मारून घेतला. रोज त्याच खुर्चीत बसून तेच काम करायचं, आणि एक चार ओळींचा कागद मुहूर्तासाठी खिशात ठेवायचा! असला घोळ आमच्याच लोकांनी घालावा. मला त्या म्हातारीचा राग आला, भाऊंचा आला, पंचांग छापणाऱ्यांचासुद्धा आला.

"आजींना माहीत आहे?"

"नाही. आणि कळायलाही नको." एवढं बोलून ते पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघायला लागले. "ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, माझ्या मुहूर्ताने पोराची नोकरी टिकली. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. दिपीला तिने वाढवलंय. हे कळलं तर ती अन्न सोडेल."

प्रमिलावहिनींना ठाऊक होतं. दोघांनी एकोणीस वर्षं ते पोटात ठेवलं होतं. या काळात अर्ज करावा, दाद मागावी, असं भाऊंच्या मनात कितीदा आलं असेल. पण अर्जात उशिराचं कारण लिहावं लागतं. आणि कारण लिहिलं की ते ऑफिसभर होणार, ऑफिसातून पिंप्राळ्यात, आणि पिंप्राळ्यातून घरात. म्हणून जगाच्या फायली बिनचूक करणाऱ्या या माणसाने स्वतःचा एक अर्ज केला नव्हता.

मी त्यांच्या मागेच लागले. माहेर माझं धुळ्याचं, देवपूरचं. भाऊ रुजू झाले तेव्हाचे अधीक्षक रुपचंद नाना आमच्याच गल्लीत राहतात. ऑर्डर त्यांच्याच हातून दिली गेली होती. त्यांनी लिहून दिलं तर वजन पडणार होतं. जानेवारीतल्या एका रविवारी मी भाऊंना एसटीत बसवलं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मुकटीही गेलं. भाऊ सगळी वाट मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून होते.

नानांना सगळं आठवत होतं. ऐंशी ओलांडली तरी माणूस टवटवीत.

"अरे, मी तुला तेव्हाच म्हटलं होतं ना, आत्ताच्या आत्ता दे रुजू अहवाल? तू म्हणालास, नाना, दिवाळीनंतर. मला वाटलं गावाला जायचं असेल." मग त्यांनी चष्मा काढला आणि कागद पुढे ओढला. "जाऊ दे. मी असं लिहितो, झुलालने सव्वीसलाच अहवाल दिला होता, तो माझ्या टपालात राहून गेला, दिवाळीच्या सुट्ट्यांनंतर नोंद झाली. चूक माझी. आता मला काय फासावर देणार आहेत?"

माझा जीव भांड्यात पडला. एका कागदात सगळं मिटत होतं. मी भाऊंकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर थंडीत घाम आला होता. नानांच्या सुनेने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

"नाना, तसं नका लिहू," ते शेवटी म्हणाले. "तो अहवाल माझ्या अक्षरातला आहे. त्यावर चार तारीख मीच घातली आहे. तुमचं पत्र खोटं ठरेल आणि तुमची पेन्शन अडकेल. जे झालं तेवढंच लिहा. ऑर्डर सव्वीसला दिली, आणि त्या दिवसापासून मी त्याच पदाचं काम करत होतो."

"आणि अहवाल उशिरा का दिला, त्याचं कारण?"

"कारण लिहू नका."

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी भांडले. हो, भांडले. दिपमालाच्या जन्माचा प्रश्न आहे आणि तुम्ही अक्षरं कसली बघता, असं म्हणाले. कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला कळत होतं, आणि म्हणूनच मी आवाज चढवत होते.

अर्ज गेला. सोबत नानांचं पत्र, आणि माझ्या टिपणीत एक ओळ: ऑक्टोबर २००५ चा रोजंदारी हजेरीपट तपासणीसाठी उपलब्ध आहे. तो शोधायला मला आठवडा लागला होता. रेकॉर्ड रूममधल्या सगळ्यात खालच्या फळीवर, वाळवीने कडा खाल्लेला. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, मधे रविवार, आणि एकतीस. पाच सह्या. निळी शाई, वळणदार 'झु'. सही करणारा माणूस तेव्हा अडतीस वर्षांचा होता.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती. भाऊ रोज कामाला येत होते, दुसऱ्यांची प्रकरणं नेहमीसारखीच बारकाईने तपासत होते, आणि स्वतःच्या फाइलबद्दल एका शब्दाने विचारत नव्हते. वजन मात्र उतरलं होतं. डबा अर्धा तसाच परत जायचा. एप्रिलच्या उन्हात एकदा जिन्यात मटकन खाली बसले. मी धावले तर म्हणाले, "काही नाही. मोजत होतो किती दिवस राहिले."

मेच्या शेवटच्या आठवड्यात सुनावणी लागली. तिघांची समिती होती. उपकुलसचिव मॅडम, वित्त विभागाचे एक साहेब आणि बाहेरचे एक सदस्य. पत्रात लिहिलं होतं, अवलंबित अपंग अपत्यास प्रत्यक्ष हजर ठेवावे. दिपमालाला आणायचं म्हणजे आजीला आणणं आलंच. भाऊंनी जंग जंग पछाडलं, वहिनींनी दिपमालाला समजावलं, चॉकलेटाची लालूच दाखवली. ती आजीचा पदर सोडायला तयार नव्हती. शेवटी रिक्षातून चौघं आली. आजींना सांगितलं होतं, दिपीच्या नावाचा कागद व्हायचा आहे.

खोलीत पंखा होता, पण वारा लागत नव्हता. भिंतीकडेच्या बाकावर आजी, दिपमाला आणि वहिनी. टेबलासमोर भाऊ. बाजूला मी, मांडीवर तो हजेरीपट घेऊन. वित्त विभागाच्या साहेबांनी अर्ज वाचला, नानांचं पत्र वाचलं आणि पेन खाली ठेवला.

"ऑर्डर सव्वीसला मिळाली. अहवाल चार तारखेला. मधले दिवस तुम्ही रुजू का झाला नाहीत? अर्जात कारण नाही, पत्रातही नाही."

भाऊंनी रुमालाने कपाळ पुसलं.

"पाटील, हाच मुद्दा आहे," मॅडम जरा नरमाईने म्हणाल्या. "कारण कळल्याशिवाय आम्ही काय लिहिणार?"

भाऊंनी एकदा मागे बघितलं. आजी दिपमालाच्या हाताची बोटं कुरवाळत होत्या. ते पुन्हा टेबलाकडे वळले.

"मी आजारी होतो, साहेब."

साहेबांनी लगेच पत्र उचललं. "आजारी होतात? मग नाना लिहितात की सव्वीसपासून तुम्ही काम करत होता, ते कसं? आजारी असाल तर काम केलं नाही. काम केलं असेल तर आजारी नव्हता. दोन्हीतलं एक सांगा."

"आजारी होतो."

"मग विषय संपला."

हजेरीपट माझ्या मांडीवर होता. उघडला असता तर पाच सह्या समोर येत होत्या, आणि त्याच क्षणी भाऊ समितीसमोर खोटारडे ठरत होते. नाही उघडला तर दिपमालाचा कागद तिथेच फाटत होता. मला दोन्ही दिसत होतं आणि माझा हात जागचा हलत नव्हता. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला.

"खोटं बोलस हाऊ."

गावाकडच्या बोलीतला तो आवाज बाकावरून आला होता. बेबाआजी उठून उभ्या राहिल्या होत्या.

"माय, बठ तू," भाऊ घाईने म्हणाले.

"काबर बठू? आजारी कव्हय व्हता तू? त्या दिवाईले तुले साधं पडसं नव्हतं. रोज डबा लिसन हापिसले जाये. मी सोता भाकरी करी दिऊ." त्या मॅडमकडे वळल्या. "बाई, तेले कागद उना तव्हय मीच सांगं व्हतं, अवस जाऊ दे, दिवाई जाऊ दे, मंग कर सही. त्यानामुळे काय व्हयनं?"

मॅडम फाइल चाळायला लागल्या. साहेब चष्मा पुसत बसले. आजींनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, शेवटी सुनेकडे. वहिनी रडत होत्या. त्यावरून त्या समजल्या. त्यांनी बाकाची कड धरली.

"दिपीना कागद मन्हामुळे अटकना?"

"नही, माय," भाऊ म्हणाले आणि रडायला लागले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, तिघा अधिकाऱ्यांसमोर, हुंदके देऊन. मीही रडले, ते कशाला लपवू?

साहेब मला म्हणाले, "तो हजेरीपट दाखवा." मी उघडून पुढे ठेवला. त्यांनी पाचही सह्यांवर बोट ठेवून बघितलं आणि मॅडमकडे सरकवला. बाहेरचे सदस्य म्हणाले, "आजींचा जबाब लेखी घ्यावा लागेल. कारण नोंदीवर यायला हवं."

"पुढच्या आठवड्यात घेऊ," मॅडम म्हणाल्या. "त्यांना आत्ता त्रास होतोय."

"नही," आजी म्हणाल्या. "आते लिखी ल्या. थांबाले सांगं तठेच मी चुकनू. आते मी कोनलेच थांबू देवाव नही."

मी कागद घेतला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. माझा पोऱ्या रोज कामावर जात होता. त्याला मी अडवलं. त्याची चूक नाही. खाली त्यांनी अंगठा दिला. दिपमालाला ती शाई फार आवडली, तिने आपलाही अंगठा पुढे केला. साहेबांनी तिला एक कोरा कागद दिला.

एकतीस तारखेला भाऊ निवृत्त झाले. शनिवार होता, म्हणून निरोप शुक्रवारीच उरकला. शाल, श्रीफळ आणि भाषणं. निकाल लागला नव्हता, त्यामुळे भाषणं करणाऱ्यांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. त्यानंतरचे तीन महिने मी त्या फाइलच्या मागे जशी हिंडले तशी कधी नवऱ्याच्या बदलीच्या फाइलमागेही हिंडले नव्हते. भाऊ दर सोमवारी यायचे, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत, जिथे ते दुसऱ्यांना बसवायचे तिथे बसायचे, आणि काही न विचारता निघून जायचे. घरी आजी बोलेनाशा झाल्या होत्या. जेवत होत्या, दिपीची वेणी घालत होत्या, पण बोलत नव्हत्या.

सप्टेंबरात आदेश निघाला. सव्वीस ऑक्टोबरपासून प्रत्यक्ष पदाचं काम केल्याचं सिद्ध होत असल्याने तीच रुजू तारीख समजावी, अशी ओळ त्यात होती. मी ती तीनदा वाचली. मग सेवापुस्तक काढलं आणि वारसांच्या पानावर प्रमिलावहिनींच्या नावाखाली दिपमालाचं नाव लिहिलं. अक्षर चुकू नये म्हणून आधी कच्च्या कागदावर लिहून बघितलं.

आदेशाची प्रत घेऊन मी स्वतः पिंप्राळ्याला गेले. भाऊंनी वाचली, वहिनींनी कपाळाला लावली. आजी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर दिपमालाचं डोकं होतं. भाऊ त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"माय, व्हई गयं काम."

आजींनी त्यांच्याकडे बघितलं. तीन महिन्यांनी त्या पहिल्यांदा बोलल्या.

"दिपीले आते कोना दारशी उभं ऱ्हानं पडाव नही ना?"

"नही, माय."

"मंग तू जेवी ले," भाऊंच्या आत गेलेल्या गालावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "कितला वायी गया रे तू."